बाराजणींचे पहिले फॉर्म

नाही नाही सर, हात खाली नका घेऊ, बगलेत टाचण्या आहेत. संध्याकाळी सत्कार म्हणालात ना? विद्यार्थिनींच्या आकांक्षा उंचावल्याबद्दल! वा! मग कोटाच्या खांद्याला असा झोळ कसा चालेल — घेते आत. मला ओळखलं नाहीत? कसं ओळखाल, सात वर्षं झाली. बारावीची मॉनिटर, जिला तुम्ही 'शहाणी' म्हणायचात — नाही? बरं, फॉर्म तरी आठवतील. 'तुला काय व्हायचंय?' वर्षाच्या सुरुवातीला एक, शेवटी एक. आम्ही बाराजणी पहिल्याच फॉर्मवर डॉक्टर, वकील, वैमानिक लिहून मोकळ्या! तुम्ही सगळ्यांवर सह्या ठोकल्यात आणि मग वाचलंत. डोक्याला हात लावलात — अगं, आत्ताच एवढं लिहिलंत तर शेवटी वाढ काय दाखवू मी वर? कोरे फॉर्म दिलेत, म्हणालात, छोटं छोटं लिहा, जुने फाडून टाका. मी डॉक्टरच्या जागी लिहिलं, आईसारखी शिलाई. वर्ष संपताना पुन्हा डॉक्टर. झाली वाढ! — हलू नका — तो शेवटचा तुमच्या अहवालात गेला. आणि शाळेच्या फाइलीतून कॉलेजच्या प्रवेशाला कुठला गेला? छोटा. नव्वद टक्के होते मला, सर. प्रवेशाचे साहेब म्हणाले, शिलाई तुम्हीच लिहिलीय, अक्षर तुमचंच ना? होतंच की माझं. बाकीच्या अकराजणींचंही तेच झालं. त्यांना छोटं लिहायला समजावलं होतं कोणी? तुम्ही कुठले, तुम्ही स्टाफरूममध्ये चहा पीत होतात. मी फिरले बाकाबाकावरून. ती वैमानिकवाली रडायला लागली, ऐकेचना — तिचा हात धरून लिहून घेतलं मी, 'दुकानात मदत'. अजून ती रस्त्यात दिसली की मी गल्ली बदलते — हे कशाला सांगतेय मी तुम्हाला! मान वर करा.

जुने फॉर्म? मॉनिटर म्हणून मीच गोळा केले, घरी नेले, फाडले नाहीत. जाड कागद होता, आईनं कॉलरचे नमुने कापायला ठेवून घेतले. एकाचीच कॉलर झाली, नेमकी माझ्याच फॉर्मची. उरलेले अकरा परवा सत्कार समितीला नेऊन दिले. तिथल्या बाईंनी दोनदा वाचले, तुमची सही आणि खालची तारीख उजेडात धरून पाहिली, म्हणाल्या, सरांना आम्हीच फोन करू.

वाजतोय बघा खिशात. घ्या की. इथं नको — बाहेर जाऊन बोला, माझी गिऱ्हाइकं खोळंबलीत.