एकोणसाठाची घरपट्टी

…नाही, घरपट्टी भरायला माझी ना नाही हो, पण जी माफ व्हावी म्हणून मी स्वतः जोडे झिजवले, तीच मी भरायची? आणि घर कुणाचं? बायकोचं! सासूबाईंनी लेकीच्या नावावर केलेलं, जावयावर भरवसा नव्हता म्हातारीचा. घर बायकोचं आणि पट्टी कुणी भरायची? या व्हर्लन टीगनं!

तुम्हाला सांगतो, गेल्या निवडणुकीत आमच्या काउंटीत प्रश्न होता: घरमालक पासष्टीचा झाला की घरपट्टीतला शाळेचा कर माफ, हो की नाही? नऊशे डॉलर हो वर्षाला! तीस वर्षं शाळेची बस चालवली, वाटलं, आता तरी शाळेनं मला सोडावं. उकडलेल्या शेंगांच्या पिशव्या घेऊन दारोदार फिरलो, कुत्री अंगावर आली, पण जिंकलो… अकरा मतांनी!

दुसऱ्याच दिवशी कचेरीत. खिडकीमागे कारकून ओडेसा प्रुइट, चर्चमध्ये माझ्या बायकोच्या, एर्लीनच्या, खांद्याला खांदा लावून गाणारी. नाकावर चष्मा आणून म्हणते, "घर कुणाचं?" म्हटलं, बायकोचं. "मग तुझ्या वयाचं काय करू, लोणचं घालू? तिचं किती?" म्हटलं, एकोणसाठ. "मग ये सहा वर्षांनी, बाबा!"

घरी येऊन डोक्याला हात लावून बसलो. एर्लीनला दया आली असावी. उठली, आईच्या बायबलमधून एक पिवळा कागद काढला न् माझ्यापुढे टाकला. जन्माचा दाखला! वाचतो तर काय… हिचं वय सदुसष्ट! अहो, मी सहासष्ट वर्षांचा! एकेचाळीस वर्षं जिला 'पोरी, पोरी' म्हणत आलो, ती माझ्याहून वर्षानं मोठी!

पण रागावायला वेळ कुठे होता? नऊशे डॉलर! म्हटलं, पोरी… म्हणजे एर्लीन, चल, आत्ता जाऊन दाखवू!

"कुणाला? ओडेसाला?" एवढंच म्हणाली. कागद घडी करून परत बायबलमध्ये.

"अगं, मग मी दारोदार फिरत होतो तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले की. 'नाही'वर खूण केली."

म्हणजे बघा, अकरा मतांनी जिंकलो, ते तेरा मतांनी जिंकलो असतो! घर बायकोचं, वय बायकोचं, मत बायकोचं… आणि पट्टी? ती तेवढी माझी! डिसेंबरात भरली गुपचूप. ओडेसा पावती देताना म्हणते कशी, "धीर धर, व्हर्लन, सहाच वर्षं!"

मीही तोच हिशोब धरून बसलो होतो हो. सहा तर सहा, काढू कशीबशी. काल तिच्या वाढदिवसाचा केक आणायला गेलो. बेकरीवाला विचारतो, "आकडा काय घालू?" साठ म्हणायला तोंड उघडलं… आणि एर्लीनचा चेहरा आला हो डोळ्यांपुढे.

म्हटलं, घाल बाबा, मागच्या वर्षीचाच.