पुन्हा कमरेत दोन इंच

नाय ताई, पोरीचा हा शाळेचा स्कर्ट मी पुन्हा कमरेत दाबून देनार नाय. रागावू नका, बसा, फॅन चालू हाय. सगुणा टेलरनं काम परत केलं असं जुईनगरात आजवर कोनी ऐकलं नसंल, पन आज करतेय. जूनमध्ये मीच दाबला होता ना हा? माझे टाके मला कळत नाय होय! आता ऑगस्ट, नि पुन्हा दोन इंच — बाकीच्यांची पोरं हूक तुटला म्हनून येतात, तुमची ढगळ झाला म्हनून. काय म्हनालात? उंची वाढतेय म्हनून बारीक दिसते? हेच, अगदी हेच मी बोलायची. आमची नमिता सहावीत होती तवा — टेलरची पोर ना, कपडा सैल झाला की घातला मशीनखाली. तीनदा दाबला मी तिचा युनिफॉर्म! वर शेजारनीला दाखवायची, बगा कशी हिरोइनीसारखी झालीय. जेवायची दाबून, पानी तर बाटल्याच्या बाटल्या, मी म्हटलं उकाडा हाय. मंग गादी ओली करायला लागली, अकरा वर्सांची घोडी — मी मारलं तिला. हा, मारलं. पट्टीनं, कपडे मापायच्या. तुमाला कशाला सांगतेय मी हे, घरात पन कोनाला म्हाईत नाय... असो. एक दिवस उलट्या, श्वास असा खोल ओढायला लागली, रिक्षात घालून पळालो. डॉक्टरनं बोटातून थेंब काढला — शुगर पाचशेच्या वर! आमच्यात कोनाला नाय ओ, तरी झाली. चार दिवस आयसीयूत. आता मस्त हाय, इन्सुलिन सोताच टोचते, खारघरला कॉलेजात जाते, माझ्याशी भांडते.

काय गं बाळा, पुन्हा बाथरूम? जा, मागं हाय. बगितलंत? आल्यापासून माझ्या माठातले चार ग्लास प्याली, नि ही दुसरी खेप. गादीचं विचारू? ... बरं, नका सांगू. तुमच्या तोंडावरच दिसतंय. मान वर करा ताई, मी कोन तुमाला बोल लावनार? तेच असंल असं नाय, पन थेंबभर रक्ताचं काम. आजच. उद्या शाळा हाय, परवा पाहुने हायत, असलं काय नको. कोपऱ्यावरचे डॉक्टर बसलेत आता, तिथंच बोटातून बगतात.

स्कर्टला पिन लावून देते. नि तेच निघालं, तर उपचार लागू पडले की पोर भरते पुन्हा — तवा या कंबर सैल करायला. ते मी हसत करीन. आली बगा. धरा तिचा हात नि निघा. निघा म्हनते ना!