‘सुटले’चा शेवटचा टेक

– नाही हो, तो आवाज मशिनीने खुलवलेला नाही, तुम्ही रेडिओवाले पहिल्यांदा हेच विचारता. बसा, वायर तेवढी सांभाळा. ठेका माझा, चाल माझी, आवाज ताईचा – सख्खी मोठी बहीण. हाऊस म्युझिक म्हणजे काय, क्लबात नाचायचं संगीत, धप धप धप धप, एकसारखा ठेका आणि त्यावर एकच ओळ घोळवायची – ‘सुटले, सुटले मी’ – बस. कंपनीला स्वातंत्र्याचं गाणं हवं होतं, उभारी देणारं, ऐकून माणसाने घरचं सगळं विसरावं असं. आणि ताई गात होती कशी? औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचतेय जशी. सुरात, पण मेलेलं.

तिचा तरी काय दोष? बाबा अंथरुणाला खिळलेले, एक बाजू लुळी, पण पलंगाच्या दांड्यावर चमचा वाजवायचा हात शाबूत. टण् झालं की ही उठली – पाणी द्या, कूस बदला, चादर बदला. वर्षानुवर्षं. मी? मी जायचो ना अधूनमधून, फळं घेऊन... आता स्टुडिओ टाकून रोज कसं – असो. त्या दिवशी शेजारच्या काकूंना बसवून आली होती. काचेपलीकडे उभी, कानाला हेडफोन, तरी मधेच दचकून दाराकडे बघायची. मी वैतागलो. म्हटलं, “ताई, जरा मोकळी हो गं.” म्हणाली, “होते. शिकव कसं ते.”

मग तिचा फोन वाजला. बाहेर पॅसेजमध्ये गेली, आली, हेडफोन चढवले. “चालू कर.” आणि जी गायली – तेच तुम्ही ऐकता ते – मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचायला लागलो, खरं सांगतो, अंगावर काटा, मधे ती हसलीय ना ते हसूसुद्धा तिथलंच. संपल्यावर म्हणाली, “बाबा गेले. काकूंचा फोन होता. सुटले म्हणाल्या.” ठेका चालूच होता हो, मला बंदच करायला सुचेना. म्हटलं, “मग गायलीस कशी?” तर म्हणते, “मला वाटलं होतं रडू येईल.” पुसून टाकू का विचारलं. “नको. ठेव. तेवढंच खरं गायलेय मी.”

आता वाजतंय सगळीकडे. परवा दुकानात लागलं, तर ही रांगेतून सामान तिथेच ठेवून बाहेर. पुन्हा गायली नाही ती. मी म्हटलं, जा, चार दिवस कुठेतरी फिरून ये, आता कोण अडवतंय – तर म्हणाली, “आणि तुझ्या जेवणाचं?” म्हणजे डबा आणते ती माझा, रोज, दोन बस बदलून. मी नको म्हणतो. म्हणजे... आधी म्हणायचो. गरम असतो, काय सांगू, आणि तिलाही काहीतरी हवंच ना – नाही का? तुम्ही असं का बघताय?

हे सगळं रेकॉर्ड केलंत की काय त्या मशिनीत? बंद करा ते. ठेक्याचं सांगितलं तेवढं लावा, बाकी काढा. – ती आली वाटतं. निघा तुम्ही. जिन्यात भेटेल, तिला गाणं छान झालंय म्हणू नका. काहीच म्हणू नका. जिना अरुंद आहे, बाजूला व्हा आणि जाऊ द्या तिला.