सातवा टप्पा, शून्य

मुकादम : ताई, तुम्ही बाजूला झालात तर अर्ध्या तासात आटपतं. मला दहाला शाळेमागचा बांध गाठायचाय.

सून : आधी मशीन बंद करा. ठमी दचकतेय.

मुकादम : घ्या, केली बंद. एवढ्या धुळीत तान्ह्या बाळाला कशाला आणायचं म्हणतो मी?

सून : आणायचं नव्हतंच. पुलावर गवताची मशीन उभी आहे, हे मला दूधवाल्याकडून कळलं. हिला पाजत होते, तशीच झोळीत घालून धावत आले.

मुकादम : अहो, मी काय मनाने आलोय का? हा बघा कागद. कालव्याच्या ऑफिसचा. ‘सातव्या टप्प्यावरील गवत कापावे.’ खाली कारण दिलंय. वाचून दाखवू?

सून : पाठ आहे मला. हंगाम सुरू झाल्यापासून सलग पाच आठवडे निळी फुलपाखरं दिसली नाहीत.

मुकादम : आणि हे ऑफिसला कळवलं कुणी?

सून : मी.

मुकादम : मग भांडण कुणाशी चाललंय ताई? तुमच्याच अक्षरातले पाच कागद, त्यावरून हा हुकूम. मला तर वाटलं, तुम्ही चहा विचाराल.

सून : दिसली नाही तर नाही असंच कळवायचं असतं. आठ वर्षं मी दर आठवड्याला या काठाने चालतेय. कुणी नेमलेलं नाही, आपण होऊन. तेच दहा टप्पे, तीच चाल. डावीकडे तीन पावलं, उजवीकडे तीन पावलं, तेवढ्यात जे फुलपाखरू दिसेल ते लिहायचं. काही नसेल तर शून्य लिहायचं. शून्य गाळायचं नाही. तुमच्या ऑफिसने करार केला तो याच वह्या बघून. बाकीचा सगळा काठ कापा, फक्त या सातव्या टप्प्याला हात लावू नका, कारण ती नखाएवढी निळी आता एवढ्याच तुकड्यात उरलीय.

मुकादम : उरली होती म्हणा.

सासूबाई : कोण म्हणतंय होती? अगं, जरा थांबशील का, माझा गुडघा तुझ्यामागे धावायचा नाही. हे घे, टोपडं विसरलीस तिचं.

सून : आई, तुम्ही कशाला आलात? दहाला तुमचा व्यायाम आहे ना गुडघ्याचा?

सासूबाई : आहे. तुझी ही फाईलही आणलीय. आणि घडीचं स्टूल. म्हटलं, ही भांडायला गेलीय आणि कागद घरी ठेवून गेलीय. असं कुणी भांडतं का?

मुकादम : काकू, तुम्ही पोस्टातल्या ना? खिडकी नंबर दोन?

सासूबाई : तीन. दोनवरची उद्धट होती.

मुकादम : बघा, ओळख निघाली. काकू, तुम्हीच समजवा यांना. गवत आहे हो, परत वाढेल.

सून : गवत वाढेल. त्यात ती तीन पानांची वेल आहे, पिवळ्या फुलांची, ती दिसते का? निळी त्या वेलीच्या कळ्यांवरच अंडी घालते. अळी तीच खाते, दुसरं काही तोंडात घेत नाही. आज पातं फिरलं की या वर्षीची सगळी पोरं गेली. पुढच्या वर्षी यायला कुणी उरणार नाही.

मुकादम : अळ्या मरतातच हो. पक्षी खातात, मुंग्या खातात.

सून : मुंग्या हिच्या अळीला खात नाहीत, राखतात. अळी गोड पाझरते, ते मुंग्या चाटतात आणि तिच्याभोवती पहारा देतात.

सासूबाई : म्हणजे त्यांच्यातही पोर सांभाळायला घरातलं कुणीतरी लागतंच. आणि गोड मिळतं वर. मला तर कुणी चाटायला काही देत नाही.

मुकादम : ते सगळं खरं. पण निळी असेल तर. नसलेल्या फुलपाखराची पोरं कुठून येणार?

सासूबाई : हे मात्र बरोबर बोलले. मग अगं, आज एक लिही की. दिसली म्हण. कोण बघायला आलंय?

मुकादम : मी तर म्हणतो दोन लिहा. माझ्यादेखत उडाल्या म्हणून सांगतो ऑफिसला. मला काय या बांधाची हौस आहे का? वर चढउताराचा, पातं दगडावर आपटतं.

सून : नाही लिहिणार.

सासूबाई : आता हे बघा. बांध कापू द्यायचा नाही, आणि खोटंही लिहायचं नाही. दोन्हीकडून हट्ट.

सून : हो. दोन्हीकडून. मी एक खोटी निळी लिहिली की आधीच्या शेकडो पानांवरच्या खऱ्या निळ्या खोट्या झाल्या. आई, तुम्ही कधी मागची तारीख घालून शिक्का मारलात?

सासूबाई : जीभ आवर.

सून : मारलात का?

सासूबाई : सख्ख्या भावाने मागितला होता. त्याच्या अर्जाची मुदत एका दिवसाने गेली होती. नाही दिला. दोन वर्षं बोलत नव्हता माझ्याशी.

सून : आणि मला सांगताय एक लिही म्हणून.

सासूबाई : तुला दमलेली बघतेय ना रोज, म्हणून सांगतेय. परवा तू भाजीत दोनदा मीठ घातलंस आणि काल घातलंच नाहीस. आण ती पाच पानं इकडे. चष्मा कुठे गेला माझा... सवय आहे मला. कागद हातात आला की आधी तारीख बघायची, मग वेळ, मग मजकूर. हं. आठ चाळीस. आठ पस्तीस. आठ चाळीस. आठ पंचवीस. आठ चाळीस.

सून : हो, तेव्हाच तर जाते मी. सव्वाआठला ठमी झोपते, तुम्ही तिच्यापाशी बसता, मग दहाला तुम्हाला निघायचं असतं.

सासूबाई : ते मला माहीत आहे. मी मागच्या वर्षीची पानं बघतेय. अकरा दहा. अकरा. अकरा वीस. साडेअकरा. तेव्हा एवढ्या उशिरा का जायचीस?

मुकादम : ताई? काय झालं?

सून : दहाच्या आत चालायचं नाही.

मुकादम : काय?

सून : नियम आहे. फाईलच्या पहिल्या पानावर. ऊन अंगावर आल्याशिवाय फुलपाखरं उडत नाहीत, म्हणून दहाच्या आत निघायचं नाही. आणि या टप्प्यावर तर पलीकडच्या झाडांमुळे अकराशिवाय ऊनच येत नाही. नवीन माणसं येतात ना मोजायला, त्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते. दम देऊन सांगते.

सासूबाई : आणि स्वतः?

सून : स्वतः पाचही वेळा नऊच्या आतली वेळ लिहिली, आई. घड्याळात बघून, माझ्या हाताने. लिहिलं आणि वाचलं नाही. माझ्यासाठी वेळ म्हणजे आता ही कधी झोपते आणि कधी उठते, एवढंच झालंय. ती निळी इथेच असणार. सकाळी गवताच्या काडीवर पंख मिटून, डोकं खाली करून झोपलेली असते. मिटले की पंख खालून मातकट. नाकासमोर असली तरी दिसत नाही.

मुकादम : म्हणजे झोपलेल्या माणसाचं दार वाजवायचं आणि उघडलं नाही की घर रिकामं म्हणून लिहून टाकायचं.

सून : तेच केलं मी. पाच आठवडे.

सासूबाई : माझ्या गुडघ्यामुळे झालं हे.

सून : नाही. तुम्ही बसलात हिच्यापाशी म्हणून तर मी बाहेर पडू शकले. चूक माझी आहे आणि मीच सांगणार ती. मुकादम, फोन लावा ऑफिसला.

मुकादम : मी? बरं. हॅलो, साहेब, मी बोलतोय. हो, बांधावरच आहे. ताई म्हणतात ते पाच कागद धरायचे नाहीत. वेळ चुकली म्हणे. हो, हो, त्यांचीच चूक, त्या नाही कुठे म्हणताहेत. बरं. बरं साहेब. ताई, साहेब म्हणतात, पाच शून्यं आली, हुकूम निघाला, विषय संपला. कापा.

सून : द्या इकडे. नमस्कार साहेब. चूक माझी, ती मी आजच लिहून देते. पण वेळ मी लपवलेली नाही, प्रत्येक पानावर लिहिलीय, त्यांच्या प्रती पाच आठवडे तुमच्या टेबलावर आहेत. तुम्हीही वाचली नाहीत, मीही वाचली नाही. करारात काय म्हटलंय? नोंद नियमाप्रमाणे झालेली हवी. या पाचातली एकही तशी नाही. तरी कापायचं असेल तर तुम्हीही एका ओळीत लिहून द्या, नियमाबाहेरच्या नोंदींवर बांध कापायला सांगितला म्हणून. खाली सही. नाही, दम कुठे देतेय, कागद मागतेय. हॅलो? ठेवला.

सासूबाई : सही मागितली की ठेवतात. खिडकीवर रोजचं होतं.

मुकादम : पण मला कापा म्हणालेत ना. माझी पंचाईत झाली. काकू, तिथे काय करताय? अहो, पात्याच्या समोर स्टूल मांडू नका.

सासूबाई : कुठेतरी मांडायचंच आहे. व्यायामालाही जाऊन बसूनच पाय हलवायचे असतात, ते इथे हलवते. ठमीला दे माझ्याकडे.

सून : आई, मी उभी राहते ना.

सासूबाई : तू उभी राहा, मी बसते. दोघींना ओलांडायला त्यांना जास्त वेळ लागेल.

मुकादम : मी काय राक्षस आहे का काकू? मागच्या साली साहेबांनी असंच फोनवर सांगितलं, पुलाजवळची तीन झाडं पाड. पाडली. गावात बोंब झाल्यावर म्हणाले, मी कुठे सांगितलं? महिनाभर घरी बसवलं मला. बायको रोज विचारायची, झाडं कुणी पाडली, साहेबांनी की तू? खरं सांगायचं तर पाडली मीच होती ना.

सून : मग आता?

मुकादम : आता हा कागद उभा आहे तुमच्या पाच शून्यांवर. ती शून्यंच गेली, आणि साहेब सही द्यायला तयार नाहीत. उद्या परत बोट माझ्याकडे. तुमची निळी उठते कधी?

सून : अकराला.

मुकादम : अकरापर्यंत माझ्या पात्यात तार अडकलीय. काढतोय मी. तुम्ही बघितलीत ना काकू, केवढी मोठी तार आहे?

सासूबाई : बघितली. चांगलीच गुंतलीय.

(दोन तासांनी. बांधावर ऊन आलं आहे. सून टप्प्याच्या टोकापर्यंत जाऊन परतली आहे.)

सासूबाई : काय गं?

सून : चालले. दोन पिवळी, चार पांढरी, एक तपकिरी.

मुकादम : आणि निळी?

सून : नाही.

मुकादम : परत चाला. मी कुणाला सांगत नाही.

सून : एका दिवशी एकदाच. मिळालं नाही म्हणून परत चालले तर ती मोजणी नाही, शोधाशोध झाली.

मुकादम : ताई, मग ही बघा. इकडे. मशीनवर, पात्याच्या झाकणावर. हीच ना? हळू या, उडेल.

सून : हलू नका. पंख बघू द्या.

मुकादम : हीच का?

सून : हीच. आई, ठमीला जरा वर धरा. बघ पिल्लू, ती बघ. ती आहे ती.

सासूबाई : अगं बाई, एवढीशी? हिच्यासाठी मी पाच आठवडे तुझी चिडचिड ऐकली?

मुकादम : लिहा मग. एक लिहा.

सून : वाटेपासून किती पावलं आहे मशीन?

मुकादम : पावलं कसली मोजताय आता? बरं, थांबा. चार, पाच, सहा. साडेसहा.

सून : तीनच्या आत हवी.

मुकादम : काकू, यांना काही सांगा. मी डोळ्यांनी बघतोय, तुम्ही बघताय, बाळ बघतंय.

सासूबाई : हद्दीबाहेर आहे म्हणतेय ना. शून्य लिही गं. पण आधी वेळ लिही, आणि लिहिलेलं वाचून दाखव मला.

सून : अकरा दहा. ऊन पूर्ण. वारा नाही. सातवा टप्पा, निळी शून्य. खाली शेरा : एक निळी, हद्दीबाहेर साडेतीन पावलं, मशीनवर बसलेली. याआधीची पाच पानं वेळ चुकल्यामुळे धरू नयेत, चूक माझी.

मुकादम : म्हणजे परत शून्यच. मी दोन तास तार काढली ती कशाला?

सून : हे पहिलं शून्य आहे, मुकादम. खरं, वेळेवरचं. करारात कापायला सलग पाच लागतात. अजून चार यायला चार आठवडे, तेही आली तर. तोवर अळ्या जमिनीत उतरून कोशात गेलेल्या असतील. मग कापा खुशाल, मी गवत ओढायला येईन.

सासूबाई : आणि पुढच्या आठवड्यापासून अकराला. व्यायामाची वेळ मी चारची करून घेते. दोन नंबरची उद्धट बाई दुपारचीच येते तिथे. बघून घेईन तिला.

सून : चला आई, ऊन चढलं. हिची भुकेची वेळ झाली. मुकादम, घ्या आता मशीन मागे. शाळेमागचा बांध राहिलाय ना तुमचा?

मुकादम : तुम्ही व्हा पुढे.

सून : का? खरंच अडकलीय का तार?

मुकादम : नाही हो. ती बसलीय अजून. उठली की जाईन.