परवाना फळीवर ठेवून

(घराची पडवी. ऊन वर आलेलं. दारात सून, कडेवर लहान मुलगी. पायरीवर जंगलखात्याचा गार्ड, गळ्यात शिट्टी; वस्तीत त्याला शिट्टीच म्हणतात. आतल्या खिडकीशी खाटेवर शेजारची मावशी, एक पाय पट्टीत.)

सून: लिहायचंच असेल तर आधी हे लिहा. त्या दिवशी मक्यातल्या डुकरावर गोळी झाडून घरी आल्यावर बाबा मला म्हणाले होते, “सूनबाई, ते जखमी आहे. असं अर्धवट सोडलं तर ते पुन्हा बाहेर येईल, आणि मग समोर कोण आहे ते बघणार नाही.” आणि मी काय म्हटलं? “हात धुऊन घ्या, वाढते.” एवढंच म्हटलं मी.

गार्ड: वहिनी, मी अजून वही काढलेली नाही. सकाळी बंदुकीचा आवाज ऐकलात का, इतकंच विचारलं.

सून: ऐकला. दूध तापत होतं तेव्हा.

मावशी: मीपण ऐकला रे शिट्ट्या! मला विचार की. पाय गेला असेल, कान शाबूत आहेत.

गार्ड: मावशी, तुम्ही पडून राहा.

मावशी: पडूनच आहे. मग काय नाचतेय?

गार्ड: बाबा घरात आहेत?

सून: नाहीत.

गार्ड: बंदूक?

सून: तीही नाही. चिमणे, काकांची टोपी ओढू नको, पडेल. मी काही लपवणार नाही हो. जातानाच बजावून गेलेत, “शिट्टी आला तर त्याला फिरवू नको, त्यालाही नोकरी आहे.”

गार्ड: दगडाच्या अलीकडे गेलेत की पलीकडे?

सून: तुम्हाला माहीत आहे.

गार्ड: मला तुमच्या तोंडून हवंय.

सून: पलीकडे. ओढ्याच्या लव्हाळ्यात.

गार्ड: अरे देवा.

सून: मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच समजावलं होतंत ना मला? याच पायरीवर बसून. “वहिनी, पांढऱ्या दगडांपर्यंत तुमचा मका. मक्यात डुक्कर घुसलं, परवाना आहे, मारा. दगड ओलांडला की ते सरकारचं.” किती सोपं वाटलं होतं तेव्हा.

मावशी: डुकराला कोणी सांगितलं नाही.

गार्ड: मावशी, तो नियम उगीच नाही झाला. मी शाळेत होतो तेव्हा या रानात पाखरं सोडून काही उरलं नव्हतं. “जखमी जनावराच्या मागावर जातोय” असं सांगून माणसं आत शिरायची आणि तीन-तीन हरणं लादून बाहेर यायची. विचारलं की तोंडपाठ उत्तर, जखमी होतं. सगळीच कशी जखमी असायची कोण जाणे.

सून: बाबा त्यांतले होते?

गार्ड: नाही. म्हणून तर जिवावर येतं. पण एकट्या बाबांसाठी वेगळा कायदा कसा लिहिणार?

सून: मी कॉलेजात निबंध लिहिला होता. कायदा चुकीचा वाटला तरी आधी पाळावा, मग बदलून घ्यावा. पहिलं बक्षीस मिळालं. बाईंनी सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवला.

मावशी: वाच की मग मलापण. तेवढाच पायाला शेक.

सून: मावशी!

मावशी: अगं, थट्टा केली. रडू नको पोरी, ती कडेवरची बघतेय तुझ्याकडे.

गार्ड: वहिनी, मी वर कळवलं होतं. त्याच दुपारी. जनावर जखमी होऊन हद्दीत आलंय, शोधायला माणसं द्या.

सून: मग?

गार्ड: वरून उलट विचारणा आली. जनावर जखमी असल्याचा पुरावा जोडा.

मावशी: माझा पाय जोडायचास.

गार्ड: तेव्हा तुमचा पाय धड होता, मावशी.

मावशी: होता खरा.

गार्ड: मी पुन्हा कळवलं. तोवर तुम्ही सरपणाला गेलात.

मावशी: माझंच चुकलं म्हण. रोजची वाट माझी, दगडाच्या अलीकडची, कायद्यातली. डुक्कर तेवढं बेकायदा बाहेर आलं.

सून: तुमचं काही चुकलं नाही. चिमणीला सांभाळून, तिला निजवून मग तुम्ही जायचात. मी म्हटलं असतं ना, आज नका जाऊ म्हणून... बाबांनी सांगितलेलं मला आठवतही होतं. पण वाटलं, इतके दिवस झाले, मेलं असेल कुठेतरी.

गार्ड: तुम्ही कशाला स्वतःला लावून घेता? दगडापाशी मी उभा होतो. रक्ताचे थेंब आत गेलेले दिसत होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी नुसती पाठ फिरवली असती तरी ते आत जाऊन दोन मिनिटांत काम संपवून आले असते.

सून: तुमच्याकडे नाही बघितलं त्यांनी.

गार्ड: माझ्याकडेच बघितलं.

सून: तुमच्यामागे मी होते, बांधावर. हिला घेऊन. मी ओरडले, “बाबा, परवाना जाईल! केस होईल! हिच्याकडे बघा!” हिला वर उचलून दाखवलं मी. आणि ते थांबले. मी या घरात आल्यापासून त्यांनी माझं एक ऐकलेलं नाही. चहात साखर कमी घ्या, नाही. रात्री मोजे घाला, नाही. तेवढं एक ऐकलं.

मावशी: आता यावरून भांडा दोघं. पाय माझा आणि वाटणी तुमची.

गार्ड: मावशी, तुमच्यासाठीच गेलेत ना ते आज?

मावशी: छे! माझ्यासाठी गेले असं कुठे लिहू नकोस हां. मला आवडणार नाही. ते डुकरासाठी गेलेत.

गार्ड: म्हणजे?

मावशी: काल संध्याकाळी इथे उशाशी बसले होते. मला म्हणाले, “तुला डॉक्टर मिळाला, टाके पडले, गोळी मिळाली. ते तिकडे तसंच पडलंय. कुजतंय जिवंतपणी. आणि त्याच्या अंगातली गोळी माझी आहे.” मी म्हटलं, भाऊजी, त्याने मला फाडलंय, मी त्याची कीव करू का? तर म्हणाले, “तू नको करूस. मला करावी लागेल.”

सून: हे मला नाही सांगितलंत तुम्ही.

मावशी: तू पुन्हा पोर उचलून दाखवली असतीस.

सून: नसती दाखवली. पहाटे मी जागीच होते. ते बूट घालत होते, मी कंदील धरला. जा म्हणाले नाही, जाऊ नका म्हणाले नाही. कंदील धरला फक्त.

गार्ड: वहिनी, परवाना बरोबर नेलाय का त्यांनी? निदान तेवढं असलं तर मी काहीतरी—

सून: नाही नेला. तो बघा, फळीवर. तुम्हाला द्यायला सांगितलाय.

गार्ड: मला? का?

सून: मीही विचारलं. म्हणाले, “परवाना खिशात घालून गेलो तर कायद्याला फसवल्यासारखं होईल. मला फसवायचं नाही, मोडायचाय. सरळ मोडायचा आणि सरळ भरायचं. दगड बरोबर जागी आहे, दुसऱ्या कोणी ओलांडला तर मीच तक्रार करीन.”

गार्ड: स्वतःच ओलांडायचा आणि दुसऱ्याची तक्रार करायची!

मावशी: तुझ्या बापाचा दोस्त आहे. सरळ कसा असेल?

गार्ड: आणि हा डबा कसला, परवान्याजवळ?

सून: काडतुसं. तीही तुमच्यासाठी. एक सोडून सगळी आहेत.

गार्ड: एक सोडून?

सून: एकच नेलं.

गार्ड: वहिनी, दोन नळीची बंदूक आहे ती. जखमी रानडुक्कर, छातीइतकं लव्हाळं, आणि माणूस एकच काडतूस घेऊन जातो?

सून: “शिकारीला नाही चाललो,” म्हणाले. “एकापेक्षा जास्त नेली तर तसं दिसेल.”

गार्ड: दिसेल! कोणाला दिसणार होतं तिथे?

मावशी: त्यांचं त्यांना.

सून: आवाज एकच आला. मी त्यानंतर चूल पेटवली, हिला न्हाऊ घातलं, भरवलं, मावशींची पट्टी बदलली. सारखी बांधाकडे बघतेय. ओढा इथून हाकेच्या टप्प्यात नाही, पण इतका लांबही नाही. गुडघे दुखतात त्यांचे, हळू चालतात, हे सगळं धरलं तरी आतापर्यंत... यांना फोन केला. संध्याकाळच्या गाडीने निघतो म्हणाले. संध्याकाळच्या!

गार्ड: तुम्ही वस्तीत कोणाला सांगितलं नाही?

सून: कोणाला सांगू? जो दगड ओलांडेल त्याच्यावरही केस. आणि मी कशी जाऊ? हिला इथे कोणाच्या भरवशावर ठेवू? मावशींना उठून पाणीसुद्धा घेता येत नाही.

मावशी: जा म्हटलं मी तिला. रांगत जाऊन धरीन पोरीला.

सून: तुम्ही गप्प बसा, मावशी.

गार्ड: मी पथक मागवलंय. दुपारनंतर येईल.

सून: दुपारनंतर?

गार्ड: हद्दीत बंदूकवाला माणूस असला तर गार्डने एकट्याने आत जायचं नाही. पथक येईपर्यंत बाहेर थांबायचं. तसा नियम आहे. आमचा एक माणूस गेलाय असा पूर्वी, शिकाऱ्याच्या गोळीने. त्यानंतर केला तो नियम.

सून: म्हणजे हाही उगीच झालेला नाही.

गार्ड: नाही.

मावशी: शिट्ट्या, तुला लहानपणी खांद्यावर बसवून त्या ओढ्यात खेकडे दाखवायला कोण न्यायचं रे?

गार्ड: मावशी, नका ना.

मावशी: आठवत नसेल म्हणून विचारलं.

सून: मी तुम्हाला जा म्हणणार नाही. एकदा मी बांधावरून ओरडून एका माणसाला थांबवलंय. आता दुसऱ्याला ओरडून पाठवणार नाही. तुम्हालाही घरी दोन मुलं आहेत.

गार्ड: ...पाणी आहे का भरलेलं? बाटलीत?

सून: आहे. थांबा, फडकीपण देते. स्वच्छ आहेत, मावशींसाठी उकळून ठेवलेली.

गार्ड: हा बिल्ला आणि ही शिट्टी इथे राहू दे. फळीवर, परवान्याशेजारी. आत गेलो तर गार्ड म्हणून गेलो असं नको.

सून: बिल्ला ठेवा. शिट्टी न्या.

गार्ड: नको वहिनी.

सून: न्या हो. बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, हाक मारली तर दचकतील. तुमची शिट्टी ओळखतात ते. लांबूनच वाजवा. आणि लगेच उत्तर आलं नाही तर घाबरू नका. जनावर पडलं की ते त्याच्याशेजारी बसतात, पार गार होईपर्यंत. बोलत नाहीत, हलत नाहीत. त्यालाच वेळ लागत असेल. हो ना, मावशी? बसतात ना ते?

मावशी: बसतात, पोरी.

गार्ड: येतो मी.

सून: आणि ऐका. वाटेत जो कोणी भेटेल त्यालाही सांगा. केसचं सांगू नका, बंदुकीचं सांगू नका. सांगा की ओढ्याकडे लव्हाळ्यात एक म्हातारे गृहस्थ आहेत, खाकी स्वेटर घातलेले. हवं तर जवळ जाऊ नका म्हणावं. लांबूनच बघा. बसलेत ना, तेवढं बघा.