तीन कापडांची पँट

…नाही, पण मला सांगा, रोग कातडीला आणि शिक्षा पोटाला, हा कुठला न्याय? हे मी नाही, आमचे भाऊजी म्हणतात! ताईचे यजमान. पेशानं शिंपी, आणि शिंपी म्हणजे असे की मुंगीलाही कोट शिवतील, सहाच्या सहा बाह्या सारख्या! तर तुम्हाला सांगतो, काही वर्षांपासून त्यांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर लाल चट्टे, त्यांवर चंदेरी पापुद्रे… सोरायसिस. खाज अशी की मशीन थांबेल, पण नखं थांबायची नाहीत. काळ्या कापडावर भुगा पडला की भाऊजी फुंकर मारून म्हणणार, "खडू आहे हो, खडू!" शिंप्याच्या दुकानात खडू, शंका कोण घेणार? पण एकदा पोस्टमास्तरांच्या गळ्याला टेप लावताना बाही वर सरकली…

"खडू कोपरातून पडतो का हो?" म्हणत पोस्टमास्तरांनी मान आत घेतली, थेट कासवासारखी! कापड उचललं आणि गेले.

झालं! भाऊजींनी टेप खुंटीला टांगली. मापं नजरेनं! एकेका कॉलरमध्ये दोन-दोन माना मावायला लागल्या, शर्ट शिवायचा नवऱ्याचा, बसायचा सासूला! गिऱ्हाईक रोडावलं, आणि भाऊजी? दुःखात माणूस काय करतो? खातो! मशीनच्या खणात बॉबिनच्या जागी क्रीमची बिस्किटं, घडीघडीला साखर घोटलेला चहा, संध्याकाळी काहीतरी तळलेलं…

शेवटी ताईनं ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "मलम देते, पण वजनही उतरवा."

"अहो, रोग कातडीला आणि शिक्षा पोटाला?"

"काका, पोटावरची चरबी नुसती बसून नसते, ती अंगात आग धुमसत ठेवते. मलम वरून पाणी मारणार, तुम्ही खालून लाकडं सारणार! जेवणानंच रोग झाला असं नाही म्हणत मी. पण आगीला हातभार कशाला?"

भाऊजी ताठ! "माझं वजन वाढलेलंच नाही. ही पँट लग्नानंतरच्या वर्षीची, अजून बसते!"

घरी आल्यावर ताईनं तीच पँट उलटी करून पाहिली, आणि काय सांगू! शिवणीत दुमडून ठेवलेली माया, म्हणजे जादा कापड, दर वर्षी थोडी थोडी सोडलेली. ती संपली तर मागे राखाडी कापडाची पाचर, ती पुरेना तर बाजूला तपकिरी… आणि सफाई इतकी की शिवणाऱ्यालाच विसर पडलेला!

"यात मूळची पँट कुठली हो?" ताई म्हणाली. "जगाची मापं घेतलीत, स्वतःच्या कमरेला कधी टेप लावलीत?" आणि तिनं स्वतःच लावली. पुरली नाही! ताई म्हणते पुरली, पण मी सांगतोय ना…

भाऊजींनी ती पँट मांडीवर घेतली. मग हळूच म्हणाले, "लोक माझा हात टाळतात, म्हणून मी खात गेलो गं."

त्यावर ताईनं टेप गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी खणात बॉबिन परत आल्या. सकाळ-संध्याकाळ चालणं, मलम न चुकता, आणि चालताना तोंडानं जप, पावलाच्या तालावर… रोग कातडीला, शिक्षा पोटाला! रोग कातडीला, शिक्षा पोटाला! महिने गेले. चट्टे गेले म्हणाल तर नाही, पण फिके पडले, मलम मानवायला लागलं, खाज झोपू द्यायला लागली. आणि एक दिवस दारात कोण? पोस्टमास्तर, काखेत कापड!

भाऊजींनी मुद्दाम बाह्या दुमडल्या. "हे बघा, आहे अजून. कुणाला लागत नाही. टेप लावू, का नजरेनं शिवू?"

"नजरेनं नको!" पोस्टमास्तर ओरडलेच, आणि त्यांनी आपणहून मान वर केली. भाऊजींनी खुंटीवरची टेप काढली. माप चोख!

परवा गेलो तर स्वारी तीच पँट आत घेत बसलेली. म्हटलं, "आता त्या पाचरी कापून टाका की!"

"राहू देत आतल्या आत. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, हा पाहुणा पुन्हा येऊ शकतो."

"अहो, पण तो येणार कातडीवर, पाचरी पोटासाठी!"

भाऊजींनी दातानं दोरा तोडला. "मेहुणे, इतकं रामायण ऐकून कळलं नाही? ते दोघं जोडीनंच येतात."