लसणाचा ल

तुमच्या चिवड्यातला लसूण दाताखाली आला अन् मला आमची सुमीच आठवली बघा. सत्तर-बाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. विणकरांच्या वस्तीतल्या शाळेत मी पहिलीला शिकवायचे. सुमीचं पहिलीतलं ते दुसरं वर्ष. तिला पाटीवरचा ल काय अन् त काय, सगळं सारखंच दिसायचं. शेवटी मी पुठ्ठ्याची अक्षरं कापली अन् त्यांना वास लावला. 'ल'ला लसूण चोळला, 'ह'ला हळद, 'क'ला कांदा. पोरगी अक्षर चाचपायची, हुंगायची अन् बरोबर सांगायची.

नेमके तेव्हाच तपासणीला साहेब आले. वर्गात शिरताच नाकाला रुमाल.

"बाई, ही शाळा आहे की स्वयंपाकघर? या मुलीला येत नसेल तर नाव कमी करा तिचं."

अन् फळ्यावर भलामोठा ल काढला.

सुमीनं अक्षरावरून बोट फिरवलं. फळा हुंगला. वास नाही. मग तिनं सरळ साहेबांचा खडूचा हात धरून नाकाशी नेला.

"त!"

"चूक. कशावरून त?"

"तुमच्या हाताले तंबाखूचा वास येऊन राहिला नं, साहेब!"

मी डोळेच मिटले. म्हटलं, गेली पोरगी शाळेतून.

"तंबाखूचा त तुम्ही शिकवलात, बाई?"

"नाही हो साहेब. तो तिचा तिनंच लावला."

साहेबांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "आधी साबण द्या. मग लसूण."